बाहेरचा पडदा काळा का राहतो : लॅपटॉप, डॉक आणि मॉनिटर यांची चाळीस वर्षे

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडण्याची गरज लॅपटॉप नीट आकाराला येण्याच्याही आधीची आहे. एप्रिल १९८१मध्ये अमेरिकेत सादर झालेला ऑस्बॉर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक सुमारे ११ किलो वजनाचा होता आणि त्याचा पडदा होता अवघा ५ इंची. एका ओळीत ५२ अक्षरे मावत. कार्यालयांत रुळलेले पडदे ८० अक्षरांचे होते. लांब ओळीचा मजकूर वाचायचा तर पडद्यावरचे दृश्य डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागे. म्हणून या यंत्राच्या दर्शनी बाजूलाच बाहेरच्या मॉनिटरच्या जोडणीची सोय ठेवलेली होती. १९८५चा तोशिबा टी-११०० आणि १९८६चा आयबीएम पीसी कन्व्हर्टिबल यांच्यात चपटे एलसीडी पडदे आले, यंत्रे हलकी झाली. पण हे पडदे फिके होते, हलणाऱ्या अक्षरांची सावली मागे रेंगाळत असे आणि जरा बाजूने पाहिले की मजकूर नाहीसा होई. दिवसभराच्या कामाला काचेच्या नळीचा मोठा मॉनिटरच लागे. कन्व्हर्टिबलला तो जोडायचा तर यंत्राच्या पाठीवर चढवायचा एक पातळ भाग वेगळा विकत घ्यावा लागे.

प्रवासात लॅपटॉपचा पडदा आणि टेबलावर मोठा मॉनिटर ही विभागणी तेव्हाच ठरली आणि आजही टिकून आहे. बदलत गेली ती या दोघांमधली वाट. आधी ती निव्वळ तार होती. पुढे तारेच्या दोन्ही टोकांना एकमेकांची ओळख पटवावी लागली, मग वेग ठरवावा लागला, मग एकाच तारेत चित्र, वीज, नेटवर्क आणि कीबोर्ड यांची वाटणी करावी लागली. दर टप्प्यावर एक जुनी अडचण सुटली आणि बिघडण्यासाठी एक नवी जागा तयार झाली. जुन्या जागा मात्र गेल्या नाहीत. त्यामुळे आज डॉकला, म्हणजे लॅपटॉपला एका जोडणीतून मॉनिटर, कीबोर्ड वगैरे पुरवणाऱ्या उपकरणाला, लावलेला मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो, तेव्हा त्यामागची संभाव्य कारणे एकाच काळातली नसतात; ती चाळीस वर्षांत एकावर एक साचलेली असतात. हा इतिहास माहीत असलेल्या माणसाला बिघाड लवकर सापडतो, तो याचमुळे.

पहिला मोठा मुक्काम व्हीजीएचा. २ एप्रिल १९८७ रोजी आयबीएमने पीएस/२ मालिकेबरोबर ही पद्धत आणली. तीन ओळींत १५ पिना. पहिल्या तीन पिनांवर अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग, तेराव्या व चौदाव्या पिनेवर आडव्या आणि उभ्या रेघांचा ताळमेळ राखणारे इशारे. चित्र विजेच्या कमी-जास्त दाबाच्या रूपात तारेतून जाई. त्यात अंक नव्हते, करार नव्हता, परवानगी नव्हती. या साधेपणामुळे बिघाड डोळ्यांना दिसे. पांढरा पडदा पिवळा पडला तर निळ्याची पिन वाकलेली, गुलाबी-जांभळा झाला तर हिरवा रंग पोचत नाही, निळसर-हिरवा दिसला तर लाल तुटलेला. ताळमेळाचा इशारा गेला की चित्र घसरू लागे किंवा मॉनिटर सरळ अंधार करी. जाणता तंत्रज्ञ दारातूनच रंग पाहून कोणती पिन ते सांगू शके, आणि टोकदार पक्कडीने ती सरळ करून दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले की काम संपे. अक्षरांच्या उजवीकडे पुसट सावली दिसली तर केबल लांब किंवा हलक्या प्रतीची असे. मॉनिटरच्या बिघाडाचे निदान इतके थेट नंतर कधीच राहिले नाही.

डॉकिंग स्टेशन आले ते याच काळात, आणि ते मुळात मॉनिटरसाठी आले नव्हते. १९८८च्या कॉम्पॅक एसएलटी/२८६ या व्हीजीए दर्जाच्या पडद्याच्या लॅपटॉपसाठी टेबलावर ठेवायचे एक विस्तार-खोके मिळे, ते मुख्यतः डेस्कटॉप संगणकातली कार्डे बसवता यावीत म्हणून. लॅपटॉप खिळवून ठेवणारे, त्याच्या मर्यादा भरून काढणारे खोके हीच डॉकची पहिली कल्पना. तिचे सर्वांत धाडसी रूप १९ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲपलने दाखवले. पॉवरबुक ड्युओ हा लॅपटॉप जेमतेम १.९ किलोंचा होता, कारण त्यातून जवळजवळ सगळे काढून टाकले होते. फ्लॉपी नाही, मॉनिटरची जोडणी नाही. एक सीरियल पोर्ट, मोडेमची जागा आणि मागे १५२ पिनांचा एक लांब कनेक्टर. बाकीचे सारे ड्युओ डॉक या खोक्यात होते. झाकण मिटलेली ड्युओ त्याच्या तोंडाशी नेली की आतली मोटर ती ओढून घेई, कॅसेट व्हीसीआरमध्ये जाते तशी, आणि खोक्याच्या माथ्यावर ठेवलेल्या मॉनिटरवर काम सुरू होई. बाहेर काढण्याआधी यंत्र बंद करावे लागे.

ड्युओ डॉकमध्ये डॉकची सगळी ताकद होती आणि सगळे दुबळेपणही होते. तो एकाच कुळातल्या लॅपटॉपना चाले. पुढच्या वर्षी रंगीत पडद्याची ड्युओ आली, ती किंचित जाड निघाली आणि पहिल्या डॉकमध्ये मावेना. त्यासाठी डॉकचे झाकणच बदलावे लागले. काही मिलिमीटरांच्या फरकाने महागडी जोडणी निकामी होऊ शकते, हा धडा ग्राहकांना तेव्हा मिळाला. जो डॉक एका यंत्रासाठी घेतला तो दुसऱ्याला चालेलच असे नाही, ही तक्रार आजही कार्यालयाच्या संगणक विभागात रोज ऐकू येते. फक्त आज मिलिमीटरांची जागा न दिसणाऱ्या गोष्टींनी घेतली आहे.

त्या न दिसणाऱ्या गोष्टींपैकी पहिली म्हणजे मॉनिटरची ओळख. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात तऱ्हेतऱ्हेचे मॉनिटर होते आणि प्रत्येकाची झेप वेगळी होती. संगणकाने आवाक्याबाहेरचा वेग पाठवला तर चित्र फाटे, शिट्टीसारखा आवाज येई, क्वचित मॉनिटरला इजाही होई. व्हीजीएमध्ये ओळखीसाठी चार पिना राखून ठेवलेल्या होत्या, पण त्यांतून रंगीत की कृष्णधवल यापलीकडे फारसे काही कळत नसे. १९९४मध्ये व्हेसा या उद्योगसंस्थेने डीडीसी ही पद्धत ठरवली. जुन्या ओळख-पिनांपैकी बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून मॉनिटर स्वतःची माहिती संगणकाला देऊ लागला. ही माहिती म्हणजे ईडीआयडी, एकूण १२८ बाइटांची छोटी नोंद. तिची सुरुवात ठरलेली : पहिला बाइट शून्य, पुढचे सहा २५५, आठवा पुन्हा शून्य. मग उत्पादकाची तीन अक्षरी खूण, बनावटीचे वर्ष, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंगांचे गुणधर्म, चालणारी रिझोल्युशने. शेवटचा बाइट असा निवडलेला की साऱ्या बाइटांच्या बेरजेला २५६ने नि:शेष भाग जावा. तो गेला नाही तर नोंद खराब झाली असे समजायचे.

ही नोंद संगणकाच्या इतिहासातल्या फार उपयोगी कल्पनांपैकी एक आहे. तिच्यामुळे मॉनिटर लावला की योग्य आकाराचे चित्र आपोआप दिसू लागले. पण तिनेच बिघाडाचा एक नवा प्रकार जन्माला घातला : चित्राच्या तारा धडधाकट, आणि तरीही चित्र चुकीचे. हलक्या व्हीजीए केबलींमध्ये बारावी आणि पंधरावी तार जोडलेलीच नसे. रंग उत्तम, पण मॉनिटर कोणता हे संगणकाला कळत नसल्याने तो खालच्या, सुरक्षित रिझोल्युशनवर थांबे, अक्षरे मोठी आणि पसरट दिसत. विंडोजच्या यादीत अशा वेळी मॉनिटरच्या नावाऐवजी ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे लिहिलेले असते. ही ओळ दिसली की मॉनिटर आणि लॅपटॉप यांच्यावर आधी वेळ घालवू नये; बहुधा मधली केबल, स्विच किंवा डॉक ओळखीची नोंद पुढे जाऊ देत नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. तीस वर्षांनंतरही हे निदान तसेच्या तसे लागू पडते.

ऑगस्ट १९९५मध्ये आलेल्या विंडोज ९५ने डॉकला ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जागा दिली. डॉकवर असताना एक हार्डवेअर प्रोफाइल, डॉकविना दुसरे, आणि स्टार्ट मेनूत ‘इजेक्ट पीसी’ अशी आज्ञा. ती दिल्यावर संगणक आपला पसारा आवरून घेई आणि मग लॅपटॉप उचलायचा. घाईत आज्ञा न देता उचलला तर यंत्र अडकून बसे. दुसऱ्या पडद्याची सोय त्यानंतरची. मॅकिंटॉश-२वर ती १९८७पासून होती. विंडोजमध्ये १९९८ साली आली आणि लॅपटॉपच्या एकाच ग्राफिक्स चिपमधून दोन वेगळी दृश्ये दाखवण्याची ‘ड्युअलव्ह्यू’ ही सोय २००१च्या विंडोज एक्सपीत. तोवर बहुतेकांसाठी बाहेरचा मॉनिटर म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याची नक्कलच होती.

याच वर्षांत कार्यालयांत आणि महाविद्यालयांत प्रोजेक्टर आले आणि बिघाड नसलेला बिघाड सर्वत्र पसरला. केबल ठीक, प्रोजेक्टर ठीक, पण चित्र कुठे पाठवायचे हे लॅपटॉपला सांगितलेलेच नाही. ते सांगायची की प्रत्येक कंपनीने वेगळी ठेवली होती : कुठे एफएन आणि एफ ५, कुठे एफ ७, कुठे एफ ८. सभागृहात वक्ता उभा आणि कोणीतरी एकेक की दाबून पाहत आहे, हे दृश्य त्या काळात नित्याचे होते. २००९च्या विंडोज ७ने विंडोज-की आणि पी ही एकच जोडी सर्व लॅपटॉपना दिली. ती आजही चालते, आणि बाहेरचा मॉनिटर काळा असेल तर केबलला हात लावण्याआधी ती दाबून पाहणे शहाणपणाचे.

दोन हजारच्या दशकातले डॉक मात्र आजच्या मानाने फार विश्वासू होते. थिंकपॅड किंवा डेल लॅटिट्यूडसारख्या कार्यालयीन लॅपटॉपच्या पोटाला एक लांब कनेक्टर असे. लॅपटॉप वरून दाबून बसवला की खट्ट असा आवाज येई. चित्र लॅपटॉपच्याच ग्राफिक्स चिपमधून निघून थेट मागच्या व्हीजीए किंवा डीव्हीआय पोर्टवर जाई. मध्ये भाषांतर करणारे काही नसे. बिघडे ते यांत्रिकच : कनेक्टरमध्ये साचलेली धूळ, झिजलेली खुंटी, तिरका बसलेला लॅपटॉप. या डॉकची किंमत आणि जागा दोन्ही जास्त होती, पण मॉनिटर दिसण्याच्या बाबतीत त्यांच्याइतकी खात्री नंतरच्या कोणत्याही पिढीने दिली नाही, असे म्हणायला हरकत नाही.

मधल्या काळात तारेतले चित्रही बदलत होते. १९९९मध्ये डीव्हीआय, डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआय, मे २००६मध्ये डिस्प्लेपोर्ट. चित्र आता अंकांच्या रूपात जाऊ लागले. सावली गेली, रंग घसरणे गेले. चित्र येई ते स्वच्छ, नाहीतर येतच नसे. या जोडण्यांत एक पिन केवळ ‘मॉनिटर लावलेला आहे’ हे सांगण्यासाठी राखली गेली. ती हॉट प्लगची पिन. केबल लावताच पडदा आपोआप उजळतो, तो तिच्यामुळे. पण पिनेवरचा दाब क्षणभर जरी पडला तरी लॅपटॉपला वाटते की मॉनिटर काढून घेतला. डिस्प्लेपोर्टवरचे काही मॉनिटर झोपी जाताना हा इशारा सोडून देतात. मग परत आल्यावर उघड्या ठेवलेल्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर गोळा झालेल्या दिसतात. ही तक्रार इतकी वाढली की कोणत्या मॉनिटरवर कोणती खिडकी होती हे लक्षात ठेवण्याची सोय विंडोज ११मध्ये घालावी लागली.

डिस्प्लेपोर्टने आणखी एक पाऊल टाकले. त्यात चित्र पाठवण्यापूर्वी दोन्ही टोके तारेची परीक्षा घेतात. आधी वेगवान दराने चाचणीचे इशारे जातात, पलीकडून ते नीट ओळखता आले का याचे उत्तर येते; नाही आले तर विजेचा दाब वाढवून पाहिला जातो, तरीही नाही तर वेग किंवा वाहिन्यांची संख्या खाली आणली जाते. या प्रक्रियेला लिंक ट्रेनिंग म्हणतात आणि ती मॉनिटर उजळण्यापूर्वीच्या पळभरात उरकते. केबल मध्यम प्रतीची असेल तर परीक्षा कधी पास होते, कधी नाही. सकाळी मॉनिटर चालतो, दुपारी झोपेतून उठत नाही, केबल काढून परत लावली की पुन्हा चालतो. या तऱ्हेवाईक वागण्याचे मूळ बहुधा इथे असते. केबल ‘तुटलेली’ नसते, काठावर उत्तीर्ण होत असते.

आकार सारखा म्हणजे जोडणी सारखी, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समजही याच काळात मोडला. फेब्रुवारी २०११मध्ये इंटेल आणि ॲपल यांनी थंडरबोल्ट आणले. त्यासाठी कनेक्टर मात्र आधीच्या मिनी डिस्प्लेपोर्टचाच घेतला. त्याच वर्षी आलेला ॲपलचा २७ इंची थंडरबोल्ट डिस्प्ले हा एका अर्थी मॉनिटरच्या पोटातला डॉक होता : त्यात नेटवर्क, यूएसबी, फायरवायर सगळे होते. त्याची केबल एखाद-दोन वर्षे जुन्या मॅकबुकच्या मिनी डिस्प्लेपोर्टमध्ये व्यवस्थित बसे. चित्र मात्र येत नसे, कारण त्या मॅकबुकला थंडरबोल्ट येत नव्हते. दुकानातून घरी आणलेला मॉनिटर बसतो पण लागत नाही, हा अनुभव तेव्हा नवा होता. चार वर्षांनी तो जगभर सार्वत्रिक व्हायचा होता.

एका पोर्टमधून अनेक मॉनिटर काढण्याच्या दोन वाटा निघाल्या आणि दोघींचे बिघाड पूर्ण वेगळे आहेत. डिस्प्लेपोर्ट १.२ने २०१०मध्ये एमएसटी आणले : एका तारेत दोन-तीन चित्रांचे प्रवाह पाठवायचे आणि डॉकमधल्या चिपने ते वेगळे करायचे. इथे तारेची एकूण क्षमता मॉनिटरांत वाटली जाते. एकाला उच्च रिझोल्युशन दिले की दुसऱ्याच्या वाट्याला कमी उरते. दुसरी वाट डिस्प्लेलिंकची. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये २००३ साली न्यूनहॅम रिसर्च या नावाने ही कंपनी सुरू झाली आणि २००६पासून डिस्प्लेलिंक झाली. तिने ग्राफिक्सच्या तारेचा नादच सोडला. लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर पडद्यावरचा बदललेला भाग उचलते, आकुंचित करते आणि साध्या यूएसबीतून डॉककडे पाठवते; डॉकमधली चिप ते पुन्हा चित्रात उलगडते. ज्या लॅपटॉपला दोन मॉनिटर जमत नाहीत त्यालाही ते मिळू लागले. पण मॉनिटर आता ड्रायव्हरवर अवलंबून झाला. मार्च २०१८मध्ये ॲपलने मॅकओएस १०.१३.४ प्रसृत केले आणि डिस्प्लेलिंकवर चालणारे मॉनिटर अद्ययावत केलेल्या मॅकवर अंधारले. केबल तीच, डॉक तोच, मॉनिटर तोच. पक्कडीने सरळ करण्यासारखे त्यात काही उरले नव्हते.

डिस्प्लेलिंकच्या मदत-कागदांत एका बिघाडाची नोंद आहे, ती प्रथम वाचणाऱ्याला खरी वाटत नाही. माणूस खुर्चीवरून उठतो आणि मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा होतो. गॅसच्या नळकांड्यावर वर-खाली होणाऱ्या कार्यालयीन खुर्चीत बसता-उठताना स्थिर विद्युत साठते आणि तिच्या विसर्जनातून विद्युत-चुंबकीय धक्का निर्माण होतो. नीट आवरण नसलेली केबल तो पकडते, इशाऱ्यात खंड पडतो, लॅपटॉप समजतो मॉनिटर गेला. उपाय आहे तो चांगल्या आवरणाची केबल घेणे आणि तारा खुर्चीपासून दूर ठेवणे. निदान पक्के करण्यासाठी मात्र कोणालातरी खुर्चीवर बसायला आणि उठायला सांगावे लागते.

ऑगस्ट २०१४मध्ये यूएसबी टाइप-सीचे तपशील प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यातून डिस्प्लेपोर्टचे चित्र पाठवण्याची पद्धत जाहीर झाली. उलटेसुलटे कसेही लावता येणारे २४ पिनांचे छोटे तोंड. त्यातून वीज, माहिती आणि चित्र. जून २०१५मध्ये थंडरबोल्ट ३नेही हेच तोंड स्वीकारले. पोटाला कनेक्टर असलेले जुने डॉक काही वर्षांतच मागे पडले. कोणत्याही कंपनीचा लॅपटॉप, कोणत्याही कंपनीचा डॉक, एक केबल : ड्युओपासूनचे स्वप्न पुरे झाल्यासारखे वाटले. पण तोंड एकच असले तरी त्यामागे काय आहे ते लॅपटॉपगणिक वेगळे. काही सी-पोर्टमधून फक्त माहिती जाते, काहींतून चित्रही, काहींतून थंडरबोल्ट. शेजारी शेजारी असलेले दोन पोर्टही सारखे असतीलच असे नाही. केबलींचे तसेच. फोनबरोबर येणारी सी-केबल बहुधा वीज आणि यूएसबी २च्या वेगाची माहिती एवढेच नेते. तिच्यात चित्र नेणाऱ्या वाहिन्याच नसतात. ती डॉकला लावली की चार्जिंग सुरू होते, कीबोर्ड चालतो आणि मॉनिटर काळा राहतो. डॉक बिघडला अशी समजूत करून देणारे याहून फसवे लक्षण दुसरे नाही.

निकृष्ट केबलींचा प्रश्न गंभीर होता. गूगलमधले अभियंते बेन्सन लिउंग यांनी २०१५च्या अखेरीस ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या सी-केबली स्वतः विकत घेऊन तपासायला आणि निष्कर्ष जाहीर लिहायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१६मध्ये आतल्या तारा चुकीच्या जोडलेल्या एका केबलीने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. त्यानंतरच्या महिन्यात ॲमेझॉनने नियमांत न बसणाऱ्या सी-केबलींच्या विक्रीला मनाई केली. ग्राहकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका माणसाच्या या चिकाटीची नोंद या इतिहासात ठळक असायला हवी.

सी-पोर्टच्या डॉकवरची सर्वांत सामान्य तक्रार मात्र अंधाराची नाही, मंद चित्राची आहे. ४के मॉनिटर लागतो, पण माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. सेटिंगमध्ये पाहिले तर ६० हर्ट्झऐवजी ३० हर्ट्झ. यात बिघाड काहीच नसतो, साधा हिशेब असतो. सी-केबलीत वेगवान वाहिन्यांच्या चार जोड्या असतात. डॉकला यूएसबी ३चा वेगही हवा असेल तर दोन जोड्या त्याला जातात आणि चित्राला दोन उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२च्या दराने दोन जोड्यांची क्षमता सेकंदाला १०.८ गिगाबिट, त्यातला पाचवा हिस्सा सांकेतिक भरीला जातो, उरतात ८.६४. ३८४० गुणिले २१६० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, हे सुमारे १२ गिगाबिट होतात. मावत नाहीत. ३० वेळा केले तर सुमारे ६, ते मावतात. म्हणून लॅपटॉप गुपचूप ३० हर्ट्झवर उतरतो. लॅपटॉप आणि डॉक दोघांनाही डिस्प्लेपोर्ट १.३ने आणलेला वरचा दर येत असेल तर त्याच दोन जोड्यांतून १२.९६ गिगाबिट जातात आणि ६० हर्ट्झ जेमतेम बसते. डॉकच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४के’ लिहिलेले असते. त्यापुढचा हर्ट्झचा आकडा बारीक अक्षरांत शोधावा लागतो.

२०२०पर्यंत हे सारे कार्यालयाच्या संगणक विभागाचे काम होते. २५ मार्च २०२०पासून कोविडमुळे भारतभर टाळेबंदी लागू झाली आणि पुणे-मुंबई परिसरातल्या हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई इथल्या कार्यालयांतले लॅपटॉप घरोघरी गेले. जेवणाच्या टेबलावर, कपाटाच्या फळीवर मॉनिटर मांडले गेले आणि एरवी तंत्रज्ञाने शेजारी येऊन केबल बदलून पाहिली असती, ते फोनवरून सांगावे-ऐकावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलचे एम१ चिपचे मॅकबुक आले. ते अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवत. शिवाय एमएसटीतून दोन वेगळी दृश्ये काढणे मॅकओएसला कधीच मान्य नव्हते; त्यामुळे दोन मॉनिटरांच्या डॉकवर दोन्हीकडे एकच दृश्य दिसे. या मर्यादेने डिस्प्लेलिंकच्या डॉकना पुन्हा मोठी मागणी आणली.

आजचा डॉक हे खोके राहिलेले नाही. तो स्वतःच एक लहानसा संगणक आहे. त्यात चित्र वाटणारी चिप, यूएसबीची चिप, वीज ठरवणारी चिप असते आणि त्या बहुतेकींचे फर्मवेअर अद्ययावत करावे लागते. त्याला स्वतंत्र ॲडॅप्टर असतो, आणि नेमके इथेच अनेकांचे चुकते. मॉनिटर दिसेना म्हणून लॅपटॉप तीन वेळा बंद-चालू केला जातो. डॉकची वीज मात्र चालूच असते आणि त्याच्या चिपमध्ये अडकलेली स्थिती जशीच्या तशी राहते. डॉकचा ॲडॅप्टर भिंतीतून काढून, लॅपटॉपची केबलही सोडवून, अर्धा मिनिट थांबून परत लावले की मॉनिटर पुष्कळदा परत येतो.

तपासणीचा क्रमही इतिहासाच्या क्रमाने गेला तर सोपा पडतो. आधी मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलेले आहे का आणि केबली घट्ट बसल्या आहेत का. मग मॉनिटर डॉक सोडून थेट लॅपटॉपला लावून पाहणे. चित्र आले तर मॉनिटर निर्दोष. मग सेटिंगमध्ये मॉनिटरचे खरे नाव दिसते का, म्हणजे ओळख पोचते का. मग रिझोल्युशन आणि हर्ट्झ उतरवून पाहणे. खालच्या आकड्यावर चित्र स्थिरावले तर प्रश्न क्षमतेचा किंवा केबलीचा. ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांचा नंबर या सगळ्यानंतर. उलट्या टोकापासून सुरुवात केली तर वाकलेल्या पिनेसाठी सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा बसवले जाते.

युरोपीय संघाने लॅपटॉपच्या चार्जिंगसाठी टाइप-सी पोर्ट सक्तीचा केला असून त्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवलेली आहे. हा नियम विजेपुरता आहे. त्या पोर्टमधून मॉनिटरचे चित्र निघेलच असे तो म्हणत नाही, त्यामुळे डॉक घेण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात सी-पोर्टपुढे ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ हे शब्द आहेत का, ते ग्राहकाने स्वतःच पाहून घ्यायचे आहे.